किड्याला तीनदा विचारायचं

गावात मला 'जंतवाली' म्हणत. पोरगी एवढी शिकली आणि भिवंडीच्या कॉलेजात जाऊन जंत पाळते, यावर खारबावच्या रिक्षास्टँडवर चांगली करमणूक व्हायची. मीही ऐकून घेणारी नव्हते. माझे जंत तुमच्यापेक्षा जास्त हलतात, असं सुनावून रिक्षात बसायचे.

ते सूत्रकृमी होते. स्वल्पविरामाएवढे, आरपार दिसणारे. माणसाला आजारी पाडणारे काही जिवाणू त्यांनाही मारतात, म्हणून माणसावर जे करून बघता येत नाही ते त्यांच्यावर करायचं. उंदरासाठी समितीकडे अर्ज द्यावा लागतो, किड्यासाठी कुणी विचारत नाही. बशीत जिवाणूंचा थर वाढवायचा, त्यावर किडे सोडायचे आणि दर आठ तासांनी किती मेले ते मोजायचं. मेला हे ठरवायचीही रीत होती. केसाएवढ्या तारेनं हलकेच स्पर्श करायचा. हलला नाही तर पुन्हा. तरीही नाही, तर तिसऱ्यांदा. "किड्याला तीनदा विचारायचं, मगच मेला म्हणून लिहायचं," असं आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एक मोजणी चुकली की सगळा प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.

भर मे महिन्यात शहरातली वीज जायची, कापडाचे लूम बंद पडायचे, पण किडे ठेवायची पेटी इन्व्हर्टरवर वीस अंशांतच राहायची. घरी बाबा ओला टॉवेल खांद्यावर टाकून बसलेले असायचे. माझी पेटी कधी तापली नाही याचा मला अभिमान होता. आता तो आठवला की स्वतःची लाज वाटते.

बाबांना बरीच वर्षं साखर होती. आमच्या जमिनीवर गोदाम उभं राहिल्यापासून शेतात जाणं संपलं, म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. त्यांनी कडक चामड्याचे बूट आणले आणि आठवडाभरात टाच सोलवटून घेतली. "जरा पाय बघ ना यांचा," आई दोनदा म्हणाली. रविवारी बघते, मी म्हणाले. रविवारी मोजणी निघाली.

आमच्याकडे कातडीचं काहीही झालं की माणसं वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर जातात. आत्यानं तेच सुचवलं. आईनं तरी मला फोन केला. "अगो, नेऊ का यांना कुंडावर? पान्यानं काय व्हनार त न्हाय?"

माझा डोळा सूक्ष्मदर्शकाला होता, तोंडात आकडा होता. तो विसरू नये म्हणून मी एकच शब्द बोलले. "न्या."

साखरेनं बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पेपरात लिहून मार्क मिळवले होते मी.

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन आला, कौतुकानं भरलेला. सगळ्यात गरम कुंडात लोक पाय बुडवून लगेच उड्या मारत बाहेर येत होते आणि बाबा मात्र शांत बसून होते. बाजूचा एक म्हातारा म्हणाला म्हणे, "गडी पक्का हाय." मी तेव्हाही ऐकलं नाही. हूं हूं करत बशा पेटीत ठेवत होते.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या खोलीच्या दारात थबकले. पिकून उतरलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येत होता. भाजलेल्या पायाच्या पट्टीवर हिरवट डाग होता. हा वास मी रोज बशीचं झाकण उघडून घेत होते. जिवाणू कुंडातून आला की अंगणातल्या चिखलातून, ते सांगता येणार नाही, पण तो कोणता ते मला पट्टी सोडायच्या आधीच कळलं. इतकी वर्षं शिकून मी एवढंच कमावलं होतं.

दवाखान्यात सर्जननं बाबांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवायला सुरुवात केली. लागलं की सांगा, म्हणाले. बाबा सांगत राहिले, "लागला... हां, लागला." धागा तेव्हा सर्जनच्या हातात, पायापासून वीतभर लांब होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

पाय गुडघ्याखालून गेला.

काही महिन्यांनी नकली पायाचं माप द्यायला मी त्यांना भिवंडीत घेऊन गेले. परतताना मोजणीची वेळ झाली होती, म्हणून त्यांनाही प्रयोगशाळेत नेलं. स्टुलावर बसवलं, सूक्ष्मदर्शकाखाली बशी दाखवली. ते बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले. मी शिकवण्यासाठीच्या दुसऱ्या नळीला डोळा लावून तार घेतली. एक किडा हलला नाही. पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा.

"मेला त हाय," बाबा म्हणाले. "सारखी सारखी का लावतंस?"

"नियम आहे. तीनदा विचारायचं."

त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. रिकामी पँट हातानं नीट केली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मना त येकदाबी न्हाय इचारलंस."

 मी वही ओढली आणि वेळेसमोर आकडा लिहिला. त्या दिवशीही माझी मोजणी चुकली नाही.