टेपसरांचा तास

कॉलेजात सगळे त्यांना टेपसर म्हणत. वर्गात आले की टेबलामागे उभे राहायचे, नोट्सच्या कागदावर बोट ठेवायचे आणि बेल होईपर्यंत एका सुरात भूगोल सांगायचे. स्वल्पविरामसुद्धा सांगायचे. मुलं लिहून घ्यायची, पास व्हायची. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण या सज्जन माणसाला आपल्याच वर्गाची भीती वाटते, हे बायको सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका मुलाने भर वर्गात शंका विचारली होती. सरांना उत्तर आलं नाही. वर्ग हसला. ते हसू त्यांच्या कानातून कधी गेलंच नाही. तेव्हापासून त्यांनी दोन वाक्यांमध्ये फट म्हणून ठेवली नाही. फट दिसली की प्रश्न शिरणार!

आणि आता विद्यापीठाचं फर्मान निघालं: शिक्षकाने सांगायचं कमी, मुलांनी बोलायचं जास्त. समिती तास बघायला येणार. टेपसरांना कायम करायचं, की दरवर्षीचा करार संपवून घरी बसवायचं, ते त्या एका तासावर ठरणार.

"अहो, पोरं आहेत ती, वाघ नाहीत," बायको म्हणाली.

"वाघ परवडला. तो शंका विचारत नाही."

शेवटी त्यांनी शक्कल लढवली. आदल्या दिवशी चार-पाच मुलांना एकेक प्रश्न वाटला, उत्तरं स्वतः पाठ केली आणि बजावलं, "मी खूण केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

समिती आली. पुढे एक चष्मेवाल्या बाई. सरांनी घसा खाकरला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, बाकं गोलात लावू या का? मुलांना एकमेकांचे चेहरे दिसतील. आणि ते टेबल जरा बाजूला घ्या."

बाकं करकरत सरकली. मुलं ढकलाढकली करत वाटेल तिथे बसली. टेबल गेलं तसं थंडीत कुणी अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं सरांना झालं. पण खरा घात पुढेच होता. प्रश्न वाटले होते बाकांच्या हिशेबाने: खिडकीजवळचं तिसरं, दाराजवळचं दुसरं. इतकी वर्षं नजर कागदावर, चेहरे पाहिले होते कुणी? आता चहूबाजूंनी नुसते चेहरे, आणि एकही ओळखीचा नाही. नटाला भलत्याच नाटकात ढकलावं आणि पडदा वर जावा, तशी गत.

अंदाजाने त्यांनी निळ्या स्वेटरच्या मुलीकडे बोट केलं. "हं, तू. विचार तुझा प्रश्न."

ती गडबडून उभी राहिली. "सर, मला... मला नाही दिलात तुम्ही."

वर्ग हसला नाही. ते जास्त भयंकर होतं. बाईंचं पेन थांबलं. संपलं, सरांना वाटलं. आता घरी काय सांगायचं?

मुलीलाच दया आली असावी. "पण माझा स्वतःचा एक आहे. विचारू?"

नाही म्हणायची सोय नव्हती.

"तुम्ही सांगितलंत, उतार कमी झाला की नदी वळणं घेते. उतार कमी झाला तर तिनं हळू जावं ना? वळायचं कशाला?"

हे वाक्य त्यांनी किती वर्गांना सांगितलं होतं, स्वल्पविरामासकट! थाप मारावी? मारता आली असती. पण एवढे डोळे, आणि लपायला जागा नाही.

"एकदा वळण पडलं की वाढत जातं," ते चाचरत म्हणाले. "बाहेरचा काठ खचतो, आतल्या अंगाला गाळ साठतो. पण पहिलं वळण पडतंच का... ते मला नीट सांगता येणार नाही. मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता."

आणि डोळे मिटून ते हसण्याची वाट पाहू लागले.

"दगड आडवा आला असेल," दाराजवळून कुणीतरी म्हणालं.

"सगळ्याच नद्यांना? दगडांनी काय मीटिंग घेतली होती?"

"अरे, काठच कुठेतरी भुसभुशीत असेल!"

आता हसले, पण एकमेकांना. सर मधोमध उभे, खिशातल्या मुठी आवळलेल्या. बेल झाली तेव्हा दगडवाले आणि काठवाले हमरीतुमरीवर आले होते.

मुलं गेल्यावर सरांनी सांगून टाकलं, "बाई, प्रश्न मी आधी वाटले होते."

"कळलं ते. पुष्कळ जण वाटतात," बाई म्हणाल्या. "कुणाला वाटले ते विसरणारे तुम्ही पहिलेच." मग हसू आवरून म्हणाल्या, "कायम करा असं आज लिहिता येणार नाही. आणखी एक वर्ष देते. पण असंच, गोलात, टेबलाशिवाय. पुन्हा बघायला येऊ."

"नोकरी राहिली ना? मग तोंड का असं?" घरी बायकोने विचारलं.

"अगं, आता रोज तिथे तसंच उभं राहायचंय."

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात त्यांचे पाय जड झाले. आत बाकं मुलांनीच गोलात लावून ठेवली होती. सर मधोमध गेले.

"आधी नावं सांगा. एकेकाने, माझ्याकडे बघून. आणि सावकाश हं, माझ्या पोटात गोळा आलाय."