इडवल पाववाल्याचे डोळे

आमच्या नँटवेनमध्ये आडनावं चार-पाचच, म्हणून माणसं धंद्यावरून ओळखली जातात. पाववाला इडवल, विमावाला गेथिन. मी बोल्स क्लबात चहा करते म्हणून चहावाली ग्लेनिस. इडवल माझ्या बहिणीचा, नेस्टाचा नवरा. त्याच्याविषयी सांगायचं तर लॉन बोल्सविषयी, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाविषयी सांगावं लागतं, आणि बोल्स म्हटलं की गेथिनचं नाव घ्यावं लागतं. माझी इच्छा नाही, पण इलाज नाही.

जोड्यांची राष्ट्रीय स्पर्धा हे आमच्या गावाचं जुनं दुखणं. दर क्लबातली सर्वांत चांगली जोडी आधी परगण्यात खेळते आणि तिथं टिकली तर ऑगस्टमध्ये लॅन्ड्रिन्डॉडला जाते. आमची पहिली जोडी गेली ती कोळशाच्या लॉरीतून. माझे वडील सांगायचे, पांढऱ्या विजारी काळ्या झाल्या म्हणून दोघांनी त्या हॉटेलच्या मागच्या नळावर धुतल्या, ओल्याच चढवल्या आणि दुपारपर्यंत हरून, शिंकत परत आले. मग दोन सख्खे भाऊ गेले. आईच्या घड्याळावरून त्यांचं बोलणं बंद होतं, तरी नुसत्या खुणांवर उपान्त्य फेरीपर्यंत पोचले. युद्धानंतर चॅपलचे उपदेशक आणि गुत्त्याचा मालक अशी जोडी गेली. हरल्यावर ते दोघे कुठं बसून रडले, ते मात्र गावात कुणी विचारलं नाही. क्लबातल्या फळीवर राष्ट्रीय जोडीसाठी सोडलेली जागा तशीच कोरी राहिली.

खुणांवर खेळता येतं, कारण हा खेळच तसा आहे. जोडीत एक लीड आणि एक स्किप. लीड आधी खेळतो, आपले चेंडू जॅक म्हणतात त्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ घरंगळवत नेतो, मग जाऊन जॅकपाशी उभा राहतो. ज्याचा चेंडू जॅकच्या सर्वांत जवळ, डाव त्याचा. स्किप पलीकडच्या टोकावरून शेवटी खेळतो. तिथून त्याला चेंडूंचा घोळका दिसतो, पण जॅकच्या जास्त जवळ आपला चेंडू आहे की त्यांचा, हे काही कळत नाही. ते लीडनं सांगायचं. डाव संपेपर्यंत मोजायची फीत लावायला बंदी, त्यामुळं लीडचे डोळे तेच स्किपचे डोळे. स्किपला चालत येऊन बघायची मुभा असते, नाही असं नाही. पण चांगल्या जोडीतला स्किप येत नाही.

आमच्यात इडवल लीड आणि गेथिन त्याचा स्किप, आणि गेथिन कधीच बघायला आला नव्हता. लग्नाआधीपासून दोघं एकत्र खेळत होते आणि इडवलनं बोट वर केलं की गेथिन डोळे मिटून मानायचा. तसे इडवलचे डोळेही होतेच. पावाच्या गाडीत बसल्या बसल्या समोरच्या डोंगरावरची मेंढी कुणाची, ते सांगायचा. नेस्टा म्हणायची, "याच्यापासून काही लपत नाही गं. मी रडले की कांदा चिरत होते म्हणून सांगते, तर हा म्हणतो, आज घरात कांदा कुठाय?"

लॅन्ड्रिन्डॉडला दोघं दोनदा जाऊन हरून आले होते. त्र्याहत्तर साली तिसऱ्यांदा गेले आणि चक्क अंतिम सामन्यात पोचले. अख्खं गाव दोन बस करून गेलं. मी सँडविचं बांधली होती, ती कुणाच्या घशाखाली उतरेनात.

शेवटच्या डावाला बरोबरी होती. सगळ्यांचे चेंडू टाकून झाले, फक्त गेथिनचा एक उरला. जॅकच्या डाव्या अंगाला इडवलचा चेंडू, उजव्या अंगाला समोरच्या लीडचा. हा समोरचा लीड म्हणजे मॉस्टिन, टेकडीपलीकडच्या क्लबातला लांबोडका माणूस. इडवल वाकला, बघितलं, सरळ झाला. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताचं एक बोट वर. आपला आहे. मग दोन्ही हात आडवे हलवले. टाकू नकोस, जिंकलोय.

शेवटचा चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम नाही. गेथिननं तो खाली ठेवून टोपी काढली असती तरी चाललं असतं. त्याऐवजी तो चालत निघाला.

नेस्टानं माझा हात धरला. गेथिन जॅकपाशी आला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, इडवलच्या खांद्यावर थोपटलं आणि परत गेला. इडवल हसत होता. त्याला वाटलं, आता संपलंच. गेथिननं चेंडू उचलला आणि टाकला. तो वळत वळत आला, इडवलच्या चेंडूला लागला, त्याला दूर लोटून स्वतःही पुढं निघून गेला. जॅकजवळ उरला तो मॉस्टिनचा. हरलो.

"अरे, तो आपला नव्हताच इडवल!" गेथिन हिरवळीवरूनच ओरडत आला. "मी येऊन बघितलं म्हणून, नाहीतर मूर्खासारखा हात बांधून उभा राहिलो असतो."

"मला तर आपला दिसला," इडवल म्हणाला.

"दिसला असेल रे. माझी काही तक्रार नाही. पण डोळे दाखवून घे गड्या."

हललेल्या चेंडूला मोजणार कसं? आम्ही लांब काठावर बसलेलो, आम्हाला काय दिसणार? मॉस्टिनला कुणी विचारलं नाही, आणि जिंकलेला माणूस न विचारता कशाला बोलेल? परतीच्या बसमध्ये गेथिन सगळ्यांना समजावत होता, "त्याला बोल लावू नका. वय झालंय." इतक्या मायेनं, की माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मीही त्याच्यावर विश्वास ठेवला.

सर्वांत जास्त विश्वास ठेवला तो इडवलनं. इतकी वर्षं गेथिननं आपला शब्द मानला, आता आपण त्याचा मानायचा, असा त्याचा साधा हिशेब. कार्डिफला जाऊन डॉक्टरला डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाला, उत्तम आहेत. इडवल घरी येऊन म्हणतो, "भला माणूस आहे, मन राखायला बोलला. त्याला काय कळतं बोल्समधलं?" मग बाजारातून तयार चष्मा आणला, त्यानं चक्कर यायला लागली, तर म्हणाला, बघा, किती बिघडलेत! गाडीखाली कुणाचं पोर येईल या भीतीनं त्यानं पावाची फेरी सोडली. पाठीत पोक काढून, जपून पावलं टाकत चालायला लागला. रस्ता ओलांडताना गेथिन त्याचा कोपर धरायचा. गावाला वाटायचं, मित्र असावा तर असा.

पुढच्या वर्षी गेथिननं नवा लीड घेतला आणि स्पर्धा जिंकली. फळीवर सोनेरी अक्षरांत दोघांची नावं लागली. इडवल टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत होता. गेथिन भाषणात म्हणाला, "शेवटी ज्याच्या डोळ्यांवर विसंबावं असा लीड मिळाला." लोक हसले. इडवलही हसला.

त्या वर्षीचा हिवाळा सरला आणि नेस्टा गेली. तिला कावीळ असल्याचं आम्हाला कळलं ते ईस्टरच्या सुमारास. मी तो हिवाळाभर थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला स्वान्सीला होते. परत येऊन बहिणीचा चेहरा बघितला आणि हातातली पिशवी तिथंच टाकली. इस्पितळात म्हणाले, आत गाठ आहे, पित्ताची वाट अडलीय, काही आठवडे आधी आणलं असतंत तर शस्त्रक्रिया करून बघितली असती. मे महिन्यात तिला पुरलं.

जुलैत टेकडीपलीकडचा क्लब मैत्रीच्या सामन्यासाठी आला. पाऊस लागला आणि सगळे चहाच्या खोलीत आले. मी तव्यावरचे बेदाण्याचे केक वाटत होते. मॉस्टिन इडवलच्या शेजारी बसला.

"तुझी बायको गेल्याचं ऐकलं. वाईट झालं," तो म्हणाला. मग काहीतरी बरं बोलावं म्हणून पुढं म्हणाला, "त्या अंतिम सामन्याचं मला अजून नवल वाटतं बघ. मी तर खिशातून हात बाहेर काढला होता, तुझं अभिनंदन करायला."

"कशाचं?" इडवलनं विचारलं.

"कशाचं म्हणजे? तुझाच चेंडू होता की! चांगला बोटभर आत. आंधळ्याला दिसला असता. मग तुमच्या स्किपला काय भुरळ पडली कुणास ठाऊक. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!"

गेथिन समोरच्या बाकावर होता. इडवल त्याच्याकडं बघेना. मग मीच गेथिनला विचारलं.

"तू चालत येऊन बघितलंस ना रे?"

"बघितलं."

"मग? कुणाचा होता?"

गेथिन केकचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिला. "आता जुनं कशाला उकरतेस, ग्लेनिस?"

"कुणाचा होता?"

"आपला," तो म्हणाला. "आपलाच होता. पण लोक दोन बस भरून आले होते गं. लीडच्या चेंडूवर जिंकायचं आणि स्किपनं हात बांधून बघायचं? मला वाटलं, आणखी एक जवळ नेऊन ठेवावा. शेवटचा माझा असावा, एवढंच. चुकला. चुकत नाही का माणूस?"

"चुकला ते ठीक," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आणि चढू दे म्हटलं. "त्याचे डोळे गेले म्हणून गावभर सांगितलंस, ते? त्याचा हात धरून रस्ता ओलांडत होतास, ते?"

"एकदा बोलून बसलो, मग मागं कसं घेणार?" तो इडवलकडं वळला. "इडवल, तू तरी समजून घे. एका चेंडूची तर गोष्ट."

इडवलनं चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते सोसेना.

"नेस्टा मला पिवळी दिसत होती," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून. सकाळी खिडकीशी केस विंचरायला बसायची, तेव्हा डोळ्यांच्या कडा पिवळ्या दिसायच्या. रोज दिसायच्या. मी तिला बोललो नाही. म्हटलं, माझेच डोळे बिघडलेत, उगाच बाईला कशाला घाबरवा."

गेथिन बाकावरून उठला. "अरे देवा. इडवल, हे मला कुठं ठाऊक होतं रे? कुणाला तरी ठाऊक होतं का?"

"माझे डोळे चांगले आहेत हे?" इडवल म्हणाला. "तुला ठाऊक होतं. तुला एकट्यालाच."