माइकमधून ऐकू आलेलं जेवण

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण लिहायला कधी बसले नव्हते. खरं सांगायचं तर वाचताना मी मनातल्या मनात दोष काढत असते... याच्या घरातलं वायरिंग जुनं असणार, हिची झोप झालेली नसणार. आणि माझं तर कामच आवाजाचं. मी स्पीच थेरपिस्ट आहे. आवाज कुठून निघतो, कुठे अडतो, कशामुळे बिघडतो हे मी रोज बघते. "कुठूनसा आवाज आला" असं कुणी लिहिलं की मला हसूच यायचं. त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटते आहे. लाजेपेक्षाही किळस जास्त वाटते. ती अजून गेलेली नाही. नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसंच आहे.

मी मूळची पुण्याची. नऊ वर्षांपासून बंगळूरमध्ये, एचएसआर लेआउटला राहते. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. हे काम ज्याच्या त्याच्या मातृभाषेतच नीट होतं, आणि इथे मराठीतून करणारे फार थोडे. म्हणून शहरात कुठेही मराठी पेशंट असला की फिरून फिरून माझ्याकडे येतो. अण्णा तसेच आले. वय अठ्ठ्याहत्तर. पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेलं घराणं. घरात मराठी, पण निम्मे शब्द कन्नड. झटक्यात उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही कमजोर झालं. ते के. आर. पुरमला मुलाकडे, नागेशकडे, राहायचे. बायको वारलेली, नागेशचं लग्न झालेलं नाही, म्हणजे घरात दोघंच. मुलगी सुनंदाताई राजाजीनगरला. थेरपी त्यांनीच ठरवली होती.

एचएसआरहून के. आर. पुरमला जायचं म्हणजे रिंग रोडवर दीड तास, तेवढाच परत. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला ऑनलाइन भेटायचं ठरलं. आमच्या क्लिनिकची लिंक उघडली की ब्राउझरमध्येच व्हिडिओ सुरू होतो आणि बाजूला चित्रांची कार्डं दिसतात. चित्र दाखवायचं, शब्दाचं पहिलं अक्षर मी म्हणायचं, पुढचं पेशंटनं.

नागेश पंचेचाळिशीचा असेल. एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर घरूनच काम करायचा. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करायचे, हीच त्याची नोकरी. बोलणं अगदी गोड. "अण्णा, स्वल्प सरळ बसा बघू तुम्ही. मॅडम काय म्हणतात बघा." अण्णांचा शर्ट इस्त्रीचा, भांग पाडलेला, चेहऱ्याला पावडर. इतकं करणारा मुलगा मी पाहिलेला नाही, असं मी सुनंदाताईंना स्वतः म्हटलं होतं. हे आठवलं की आज माझी मलाच शिसारी येते.

पहिले चार आठवडे ठीक गेले. अण्णा "पा" म्हणायला लागले होते, "पाणी" मधला. पाचव्या आठवड्यात माइक बंद पडला.

मला ते दिसत होते, माझं त्यांना ऐकू जात होतं, पण त्यांचा आवाज येईना. मी फोन करून नागेशला नेहमीचं सगळं सांगितलं, आणि तो हसत म्हणाला की मॅडम, हे मी दिवसाला वीस जणांना सांगतो. त्याने सगळं करून पाहिलं. ब्राउझरला माइकची परवानगी दिलेली होती. योग्य माइक निवडलेला होता. दुसरं कुठलं अॅप तो अडवून बसलेलं नव्हतं. ब्राउझर बदलला, लॅपटॉप बंद करून चालू केला, हेडसेट नवा आणला. त्याच हेडसेटवर त्याचे ऑफिसचे कॉल व्यवस्थित होत होते. मोबाइलवरून करायचं म्हटलं तर तेवढ्याशा पडद्यावर अण्णांना चित्रं दिसत नव्हती.

एक गोष्ट मात्र विचित्र होती आणि ती त्यानेच मला दाखवली. माइकची ती छोटी हिरवी पट्टी असते ना, आवाज आला की हलणारी... ते बोलले की ती मेल्यासारखी पडून राहायची. आणि दोघंही गप्प बसले की हलायची.

पुढच्या शुक्रवारी माइक लागला. म्हणजे मला काहीतरी ऐकू आलं. माझ्या कानात हेडफोन होते, पडद्यावर अण्णा आणि नागेश शेजारी शेजारी, तोंडं मिटून बसलेले. आणि कानात चपचप आवाज. ओला, चिकट. मऊ भात तोंड उघडं ठेवून कुणी चावावा तसा. मधेच चमचा दातावर आपटल्याचा आवाज. मग घशात गुळगुळ... हा आवाज मी चांगला ओळखते. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पहिला घास असतानाच दुसरा कोंबला की असं होतं. मी हेडफोन काढून टेबलावर टाकले.

फोनवर मी नागेशला विचारलं की कुणी जेवतंय का तिथे. तो म्हणाला, नाही, अण्णांचं खाणं नऊलाच झालं. मग म्हणाला, खाली दर्शिनी हॉटेल आहे, खिडकी उघडी आहे, तिथला आवाज असेल. मला ते लगेच पटलं. पटवून घेतलं म्हणा. दुसऱ्या मजल्यावरच्या माइकमध्ये खालच्या हॉटेलातल्या माणसाचा घसा कसा ऐकू येईल, एवढा साधा प्रश्न मला, ज्या बाईचं हेच काम आहे तिला, पडला नाही.

दोन आठवडे असे वाया गेल्यावर सुनंदाताई काळजीत पडल्या. म्हणून एका शनिवारी सकाळी मीच के. आर. पुरमला गेले. संशय वगैरे काही नव्हता. माइक दुरुस्त झाला नाही तर निदान एक सेशन समोरासमोर होईल, इतकाच विचार. खात्री असावी म्हणून माझा लॅपटॉप बरोबर घेतला.

स्टेशनजवळचं घर, रेल्वेचा आवाज सतत. घरात फिनेलचा वास. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत, तसाच इस्त्रीचा शर्ट, तशीच पावडर. नागेशने कॉफी दिली. आधी आम्ही त्याचा लॅपटॉप घेतला. माइक तपासायचं एक साधं पान असतं. पाच सेकंद बोलायचं, मग तेच आपल्याला परत ऐकवलं जातं. मी म्हटलं, "एक, दोन, तीन, अण्णा, नमस्कार." आणि प्लेचं बटण दाबलं.

माझा आवाज आलाच नाही. ती चपचप आली. खोकला आला. आणि मग नागेशचा आवाज, शांत, अजिबात न चिडलेला.

"गिळ. थुंकलास तर तेच परत भरवीन."

पाच सेकंद संपले. नागेशने हात पुढे करून लॅपटॉप मिटला. म्हणाला, कुठल्या तरी टॅबमध्ये व्हिडिओ चालू राहिला असेल, मॅडम. माझे हात आपोआप चालत होते. मी माझा लॅपटॉप काढला. तो त्या घरात पहिल्यांदाच आला होता, आणि त्याला मी माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं होतं, त्यांच्या घरचं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी यावर खूप विचार केला. तेच पान उघडलं. अण्णांसमोर ठेवलं आणि त्यांना म्हटलं, "अण्णा, आ म्हणा." अण्णा काही म्हणाले नाहीत. मी प्ले दाबलं.

मघाशी जिथे तुटलं होतं तिथूनच ते पुढे सुरू झालं.

फरशीवरून चमच्याने काहीतरी खरवडून घेतल्याचा आवाज. "खाली सांडलेलं कोण खाणार? आ कर." चमचा दातावर. आणि मग अण्णांचा घशातला आवाज... अं, अं... चार आठवडे मी ज्या आवाजातून "पा" काढत होते तोच.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. ते लॅपटॉपकडे बघतही नव्हते, दाराशी उभ्या असलेल्या नागेशकडे बघत होते. नागेश म्हणाला, "कॉफीची भांडी घासून येतो," आणि आत गेला. नळाचा आवाज यायला लागला.

मी पिशवीतून ग्लोव्हज आणि टॉर्च काढला. पेशंटचं तोंड आतून तपासणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. ऑनलाइनमुळे ते राहून गेलं होतं... राहून गेलं म्हणजे मी केलं नव्हतं. ज्या बाजूला लकवा असतो त्या गालात अन्न साठतं, पेशंटला ते जाणवत नाही, रोज बोटाने काढावं लागतं. अण्णांच्या गालात किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे. काळपट, आंबलेला लगदा, त्यात एक केस आणि केरातली बारीक कचकच. फरशीवरची. हिरड्यांवर चमच्याच्या कडेचे काप, काही जुने, काही ओले. ओठाच्या कोपऱ्यातल्या खपल्या पावडरखाली झाकलेल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला पेशंटसमोर ओकारी आली. ती दाबून मी सगळं साफ केलं. अण्णा पूर्ण वेळ तोंड उघडून शांत बसले होते. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं होतं, पण ढकलत नव्हते.

मी सुनंदाताईंना फोन केला आणि आवाजाबद्दल काही न सांगता फक्त तोंडाबद्दल सांगितलं. त्या मेट्रोने तासाभरात पोचल्या. वडिलांचं तोंड टॉर्चच्या उजेडात पाहिलं आणि त्यांचे कपडे बॅगेत भरायला लागल्या. नागेशने अडवलं नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "दिवसाला सहा वेळा भरवायचं, अक्का. दीड वर्ष. तू एक आठवडा करून बघ." आवाज माइकमधल्यासारखाच होता, शांत. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. मदतीला माणूस ठेवावा हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याच्या हातची कॉफी माझ्या पोटात आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अण्णांना त्या दिवशीच हॉस्पिटलमध्ये नेलं. छातीत इन्फेक्शन झालं होतं, अन्न फुप्फुसात जाऊन. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस गेले असते तर कठीण होतं. महिनाभराने ते बरे झाले. पोलिसात जायला सुनंदाताई तयार झाल्या नाहीत. मी जे पाहिलं ते क्लिनिकच्या नोंदीत सही करून लिहून दिलं. जे ऐकलं ते नाही लिहिलं. काय लिहिणार?

त्या दिवशी अण्णांना हॉस्पिटलमध्ये सोडून घरी आल्यावर मी सगळ्यात आधी ते रेकॉर्डिंग उघडलं. दुसऱ्या वेळचं मी तिथेच माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. त्यात माझा आवाज आहे, "अण्णा, आ म्हणा", आणि मागे लांब रेल्वेचा हॉर्न. बस. सोसायटीतल्या एका इंजिनिअर मैत्रिणीला लॅपटॉप दाखवला, कारण न सांगता. तिला काही सापडलं नाही. तिच्या मते ते पान स्वतःकडे काही साठवूनच ठेवत नाही, पाच सेकंदांपलीकडे त्याला काही आठवत नाही. मग मी स्वतःला समजावलं की मला भास झाला असेल, शुक्रवारच्या आवाजाने मन तयार झालं असेल. हे समजावणं मला जवळजवळ जमलंही होतं.

मग एके दिवशी नागेशचा फोन आला. वडिलांची चौकशी नाही, माफी नाही. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. ते बोलणं मी कसं रेकॉर्ड केलं? मी म्हटलं, मी केलेलं नाही. तो म्हणाला, "ते गुरुवारचं होतं, मॅडम. मला पक्कं आठवतं. गुरुवारी माझा लॅपटॉप ऑफिसात सर्व्हिसिंगला होता. फोन बाहेरच्या खोलीत. अण्णांच्या खोलीत माइकच नव्हता. मग कशातून?"

तो खरंच विचारत होता. हेल्पडेस्कवरचा माणूस एखाद्या न सुटलेल्या तक्रारीबद्दल विचारतो तसं. मी फोन कट केला, नंबर ब्लॉक केला आणि फोनची स्क्रीन स्पिरिटने पुसली, दोनदा.

म्हणजे त्यानेही ऐकलं होतं. भास असेल तर दोघांना एकच कसा होईल? आणि तो आवाज अण्णांच्या आजूबाजूच्या वस्तूंत कसा आणि का शिरला? कुणी म्हणेल अण्णांनीच तो पोचवला. असेलही. पण मी त्यांच्यासमोर कित्येक तास बसले आहे, आणि तो थकलेला, अर्धा निजलेला माणूस असलं काही करू शकेल असं मला वाटत नाही. वायरिंगचा दोष काढणाऱ्या मला या वेळी काहीच दोष सापडलेला नाही. इथे कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा.

अण्णा आता राजाजीनगरला आहेत. एक मदतनीस बाई दिवसभर असतात. सेशन पुन्हा ऑनलाइनच होतात, माइकला काही त्रास नाही. चौथ्या महिन्यात त्यांनी पहिला पूर्ण शब्द उच्चारला. मी समोर फुलाचं चित्र धरलं होतं आणि ते दाराकडे बघत एकदम स्पष्ट म्हणाले, "नागू." सुनंदाताई रडायला लागल्या. भीतीने म्हणाले की आठवणीने, हे मी तेव्हाही ओळखू शकले नाही, आजही नाही. ते नाव ऐकून माझ्या तोंडात मात्र तोच आंबलेला वास आला. त्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "उच्चार स्पष्ट. प्रगती समाधानकारक."