रुग्णवाहिकेचं डावं दार

रंगाच्या दुकानात मिक्सिंगच्या काउंटरवर तीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत, अगदी शेजारीपाजारीसुद्धा. ठोकलेल्या गाडीचा पत्रा समोर ठेवावा आणि वहिनींनी चार डब्यांतून थोडं थोडं घेऊन हुबेहूब तोच रंग ढवळून द्यावा, हा त्यांचा हातखंडा. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच धाकटे दीर दारात हजर. हे दीर एका छोट्या संग्रहालयाचे व्यवस्थापक.

"वहिनी, युद्धातली रुग्णवाहिका मिळालीय. खरीखुरी! तिला तिचा मूळ रंग द्यायचाय. तुमच्याशिवाय कोण करणार?"

"वेळ किती आहे, भाऊजी?"

"भरपूर. दोन महिने धरून चाला."

वहिनींनी हो म्हटलं आणि फसल्या.

युद्ध संपल्यावर ती गाडी एका बेकरीवाल्यानं पांढरी केली होती आणि नंतर फर्निचरवाल्यानं निळी. वहिनींनी ओला पॉलिश पेपर घेऊन नाण्याएवढ्या जागा हलक्या हातानं घासल्या. निळ्याखाली पांढरा, त्याखाली लष्करी हिरवट, मग लाल प्रायमर, मग पत्रा. इथवर ठीक. पण बॉनेटवरचा हिरवा राखाडीकडे झुकलेला, दारावरचा तपकिरी आणि सीटखालचा तर चक्क मोहरीसारखा. गाडी एक, रंग तीन.

वहिनींना कारण माहीत होतं. उन्हात रंग उडतो, आणि तेलाचा रंग वर्षानुवर्षं अंधारात राहिला की पिवळा पडतो. म्हणजे उजेडातला खोटा आणि अंधारातलाही खोटा. खरा शोधायचा कुठे?

डाव्या दाराच्या आतल्या बाजूला एक पितळी पट्टी होती. तिच्याखालचा रंग कारखान्यातून निघाल्यापासून कुणी पाहिला नव्हता. संग्रहालयात सगळीकडे ट्यूबलाइट, त्यात कसली छटा कळणार? म्हणून वहिनींनी दार काढून टेम्पोत घालून घरी आणलं, पट्टी काढली आणि दार गच्चीवर उन्हात ठेवलं. रंग उडायला वर्षं लागतात, पिवळेपणा मात्र थोड्या दिवसांच्या उन्हानं ओसरतो. अर्ध्या जागेवर पुठ्ठा चिकटवला, म्हणजे फरक कळेल. नेमके तीन दिवस ढग. वहिनी आभाळाकडे बघून चरफडत होत्या. दहाव्या दिवशी रंग बदलायचा थांबला. आता खरा रंग समोर होता.

तेवढ्यात दीर एका जाणकाराला घेऊन आले. निवृत्त मास्तर, लष्करी गाड्यांची छोटी मॉडेलं करणारे. दाराकडे बघून त्यांनी मान हलवली. "रंग याहून हिरवा होता."

"कशावरून म्हणता?"

"माझ्याकडे त्या काळचा फोटो आहे." त्यांनी पाकीट उघडलं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

मग मिश्रणाला सुरुवात. काळ्यात पिवळी माती, थोडा पांढरा, निळ्याचा एखादाच थेंब. ओला रंग जुळायचा, वाळला की वेगळा. खिडकीशी जुळायचा, दिव्याखाली वेगळा. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्यांची इतकी गर्दी झाली, की नवऱ्याला ताट मांडीवर घ्यावं लागलं.

"अगं, हिरवा तो हिरवा. कोण बघतंय एवढं?"

"मी बघतेय," वहिनी खेकसल्या.

सव्विसावा पुठ्ठा दाराला टेकवला आणि त्याची कड दिसेनाशी झाली. दारासकट दिव्याखाली नेला, गच्चीत नेला, तरी दिसेना. वहिनींनी पितळी पट्टीखालचा तुकडा तसाच राखून उरलेलं दार त्या रंगानं रंगवलं. दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून त्या संग्रहालयात गेल्या. महिनाही पुरा झाला नव्हता.

गाडी रंगवून तयार होती. पोपटाच्या जवळपास जाणारी हिरवी, आणि वर आरशासारखी चकाकी.

"मी फोन करणारच होतो," दीर घाईघाईनं म्हणाले. "पाहुण्यांनी उद्घाटनाची तारीख अलीकडे आणली. पेंटरनं दोन दिवसांत उडवून दिलं काम."

"युद्धातली गाडी अशी चकाकली तर मैलावरून दिसेल, भाऊजी! आणि खालचे थर?"

"सगळे घासून काढले. पत्रा अगदी लख्ख केला होता."

वहिनींनी डब्याची पिशवी खाली ठेवली. चुकीचा रंग पुन्हा बदलता येतो, पण घासून गेलेला पुराव्याचा रंग कुठून आणायचा? त्या गाडीचा खरा रंग आता फक्त घरी ठेवलेल्या दारावर उरला होता.

"तेवढं दार पाठवून द्या," दीर म्हणाले, "तेही उरकून टाकतो."

"दार मिळणार नाही," वहिनी म्हणाल्या आणि डबा उचलून चालू लागल्या.

उद्घाटन दाराविनाच झालं. मोकळ्या जागेवर पडदा लावला होता म्हणे. त्यानंतर फोन सुरू झाले. दिरांनी विनवलं, रागावले, भावाला मध्ये घातलं. नवरा म्हणाला, "दाराला टेकून मला पेपर वाचायची सवय झालीय, पण देऊन टाक बाई." वहिनींचं एकच म्हणणं, "दार जसं आहे तसं बसवा. आणि पाटीवर लिहा, मूळ रंग हा, बाकीचा चुकीचा."

दोन महिन्यांनी दीर स्वतः आले. दारातच चपला काढत म्हणाले, "वहिनी, 'चुकीचा' नको. 'अंदाजे' लिहू?"

वहिनी थकल्या होत्या. "लिहा," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या बघायला गेल्या. पोपटी गाडीवर त्यांचं मातकट दार. समोर एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "हे दार दुसऱ्या गाडीचं आणून बसवलंय बघ. किती गबाळं काम!"

वहिनींनी पाटी शोधली. ती आग विझवायच्या वाळूच्या बादलीमागे उभी होती. त्यांनी बादली दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली, पाटी पदरानं पुसली आणि वळून म्हणाल्या, "अहो, जरा हे वाचा."

गृहस्थ पुढच्या दालनात गेले होते.