बॅज सरळच होता

माझ्या मुलाच्या शाळेच्या फाटकाशी तो रोज दिसायचा. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून थेट आलेला, केसांत कापसाचं तूस. आपल्या चौथीतल्या मुलीचा तिरका टाय सरळ करून तिला आत सोडायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत चपला काढून बाहेरच उभा राहायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

यंदा त्याची मुलगी शाळेची कॅप्टन झाली. त्या छोट्या मिशनरी शाळेत कॅप्टनला बॅज आईवडिलांनीच लावायचा, अशी पद्धत. त्या दिवशी हा इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण भिंतीआडच थांबला.

"चला की आत," मी म्हटलं.

"नको साहेब. शपथ इंग्रजीत हाय. घरी आमी तेलुगूच बोलतो. मला बघितलं की ती इंग्रजी इसरती."

मला त्याचा रागच आला, पण मीही तिथेच थांबलो. मला फाटकातून दिसत होतं, त्याला नुसतं ऐकू येत होतं. मुलीनं शपथ खणखणीत सुरू केली आणि मधेच थांबली. पालकांच्या रांगेवरून तिची नजर फिरत राहिली. शेवटी सिस्टरनी पुढचा शब्द सांगितला. बॅजही त्यांनीच लावला.

"बघा, तरी अडखळलीच," तो म्हणाला. "मी समोर असतो तर पार गप झाली असती."

"अहो, ती तुम्हालाच शोधत होती."

ही शाळा चौथीपर्यंतच आहे; बॅज लावायचा दिवस तिच्यासाठी पुन्हा येणार नव्हता.

शाळा सुटल्यावर मुलगी बाहेर आली. तो तिच्यापुढे वाकला आणि कितीतरी वेळ तिचा बॅज सरळ करत राहिला. बॅज सरळच होता.