चौथी तार

बाबुराव देसले यांना बंद पडलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात. हवाई दलात पंचवीस वर्षं विजेचं काम केलं, निवृत्तीनंतर गावी धुळ्याला न जाता नोकरीच्याच शहरात, उत्तरेत, सरोजिनी नगरात घर केलं, पण खोड गेली नाही. यमुनाबाई मिक्सर बिघडला तर शेजारणीकडे वाटण करून आणतात. नवऱ्याला कळलं तर तो मिक्सर चार दिवस ताटात सुटा पडून राहील, हे त्यांना पक्कं ठाऊक.

त्याच शहरात विकास नगरातल्या एका ऑनलाइन परीक्षा केंद्राची वीज बाबुराव बघत. तीन मजले, मजल्यावर शंभर कॉम्प्युटर, प्रत्येक मजल्याला वेगळा फेज, म्हणजे वीज आणणारी वेगळी तार. तिन्ही तारांवरचा भार ते रोज मीटर लावून मोजत आणि वहीत तीन आकडे लिहीत. आकडे सारखे आले की स्वारी खूश. भार समान असला की परतीच्या चौथ्या तारेत, न्यूट्रलमध्ये, वीज उरतच नाही, हे ते नव्या वायरमनला पाढ्यासारखं म्हणायला लावत.

आणि नेमकी तीच तार जळाली. एकदा नव्हे, महिन्यात दोनदा. दुसऱ्या खेपेला भर परीक्षेत चाळीस कॉम्प्युटर गेले. मॅनेजर अनुप यांनी कारण विचारलं, तेव्हा बाबुरावांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, की नव्या वायरमनने, मोहनने, जोड सैल ठेवला असणार. मोहनची नोकरी त्याच दिवशी गेली. बाबुरावांच्या शब्दाला एवढी किंमत होती, की पुढे विकास नगरात त्याला कुणी दारात उभं केलं नाही. तो चारबाग स्टेशनाबाहेर ई-रिक्षा चालवू लागला.

नवी तार बाबुरावांनी स्वतःच्या हाताने कसली. आठवड्याने सहज तिला हाताची पाठ लावली तर चटका बसला. जोड तर घट्ट होता. त्यांनी पहिल्यांदाच मीटर चौथ्या तारेला लावला. तिन्ही फेजमध्ये पन्नास-पन्नास अँपिअर, आणि जिच्यात काहीच नसायला हवं तिच्यात ऐंशी!

रविवारी केंद्र रिकामं होतं. त्यांनी नुसते पंखे लावले, न्यूट्रल थंड. पंखे बंद करून कॉम्प्युटर लावले, की आकडा चढायला लागे. पुन्हा पंखे, पुन्हा कॉम्प्युटर. जेवणाची शुद्ध राहिली नाही. घरी येऊन त्यांनी मुलीपुढे, नेत्रापुढे, वही टाकली. ती इंजिनिअरिंगला, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच.

"बाबा, पंखा बिजली आराम से पीता है, कंप्यूटर झटके से घूँट लेता है," ती म्हणाली. त्या झटक्यांमुळे मूळ प्रवाहात तिप्पट वेगाचा आणखी एक प्रवाह मिसळतो, हार्मोनिक म्हणतात त्याला. तिन्ही फेजचा मूळ प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून काढतो, पण हे तिप्पट वेगवाले तिघं एकाच वेळी येतात, म्हणून खोडले जात नाहीत, बेरीज होते. उपाय म्हणजे फिल्टर. कॉइल आणि कपॅसिटरची बेताने जुळवलेली जोडी प्रत्येक मजल्यावर बसवायची, म्हणजे तो प्रवाह तिथल्या तिथेच फिरतो, खाली चौथ्या तारेपर्यंत येत नाही.

बाबुराव आधी हरखले. मग मोहन आठवला. मोहनवर त्यांनी धडधडीत अन्याय केला होता.

सोमवारी त्यांनी अनुप यांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा, आणि तडक चारबाग गाठलं. मोहन सवारीची वाट पाहत होता. बाबुरावांनी त्यालाही सगळं सांगितलं.

"पहली बार तार जली, मैंने उसी दिन कहा था, साहब, न्यूट्रल भी नाप लीजिए. आपने क्यों नहीं नापा?"

बाबुरावांना हे आठवत होतं. त्यांनी हसून त्याला पाढा म्हणायला लावला होता.

"क्योंकि मुझे मालूम था," ते म्हणाले.

फिल्टर आले की कळवीन, ते तूच जोड, असंही त्यांनी सांगितलं. मोहन स्टेशनातून आलेल्या सवारीकडे वळला. परत येईन असं काही तो बोलला नाही.

फिल्टर आले त्या दिवशी मात्र ई-रिक्षा केंद्राच्या फाटकात उभी होती. तिन्ही मजल्यांवरचे फिल्टर मोहननेच जोडले. तीनशे कॉम्प्युटर सुरू झाल्यावर बाबुरावांनी मीटर त्याच्या हातात दिला आणि वहीत चौथा रकाना आखला.

"बारह," मोहनने वाचलं. बाबुराव आकडा लिहायला वाकले, तसा तो म्हणाला, "एक बार हाथ भी लगा लीजिए, साहब."

बाबुरावांनी पेन खाली ठेवून तारेला हाताची पाठ लावली.