विहीणबाईंपुढे गाऱ्हाणं

आमची सून केरळची. म्हणून साठीनंतर मी मल्याळम शिकायला घेतलं आणि त्या फजितीवर रत्नागिरीतल्या एका दिवाळी अंकात लेख लिहिला. माझं मल्याळम ऐकून अंगणातला नारळ अवेळी पडला, असं त्यात होतं. खरं म्हणजे दोन पडले होते, पण लेखकाने थोडा संयम पाळावा. मासळीबाजारातसुद्धा लोक मला बघून हसायला लागले. मी खूश.

सून मात्र हसली नाही. तिची आई पहिल्यांदाच आमच्याकडे यायची होती. लेक इतक्या लांब दिली म्हणून ती माउली फोनवर रोज रडायची. 'पोर इथे सुखात आहे' हे मी तिला तिच्या भाषेत सांगावं, एवढंच सुनेचं मागणं. मी ते वाक्य पाठ करायला बसलो की दर शब्दाला स्वतःचीच नक्कल करायचो. आमची ही आतून खिदळायची, मग मला आणखी चेव.

शेवटी सून म्हणाली, "बाबा, आधी तुम्हीच हसता. मग मी चूक कधी सांगू?"

मी नक्कल थांबवली. आमच्या आळीने हे पूर्वी कधी पाहिलेलं नाही. पण खरंच होतं तिचं. लेखात स्वतःला ढ म्हणून टाकलं की दुसऱ्याला तसं म्हणायची सोय उरत नाही, आणि शिकवायचीही.

विहीणबाई आल्या. चहा झाला. मी उभा राहिलो. आता, गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. चारचौघांत बोलायचा मला तो एकच सूर ठाऊक. हात जोडले, डोळे मिटले आणि समुद्रातल्या होड्या माघारी फिराव्यात अशा आवाजात ते वाक्य गाऱ्हाण्याच्या हेलात घातलं. थांबलो तशी स्वयंपाकघरातून ही देवळातल्या सवयीने म्हणाली, "व्हय म्हाराजा."

जिभेवर एक झकास विनोद तयार होता. गिळला. विहीणबाईंनी हळूच एक शब्द सुधारून सांगितला. मी तो म्हटला. त्यांनी पुन्हा सांगितला, मी पुन्हा म्हटला. मग त्यांनी मान डोलावली, डोळे पुसले आणि लेकीला काहीतरी विचारलं.

सून म्हणाली, "आई विचारते, घरात रोज एवढ्याच मोठ्याने बोलतात का?"

या खेपेला आधी विहीणबाई हसल्या.